राजवाड्याची रोषणाई आणि महेश्वरचे नंदादीप

कार्तिक शुद्ध पौर्णिमा ही त्रिपुरी पौर्णिमा होय. ह्या रात्री आपण देवळापुढील दीपमाळ पाजळतो, नदीच्या पात्रात द्रोणातून दिवे सोडतो आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सवडीने वळून ठेवलेल्या त्रिपूरवाती तुपात भिजवून देवापुढे लावतात. परंतु ज्या प्रसंगाची आठवण म्हणून हा दीपोत्सव करावयाचा, तो प्रसंग नगरीच्या दहनाचा आहे, ही गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. तारकाक्ष, कमलाक्ष आणि विद्युन्माली ह्या तारकासुराच्या तीन पुत्रांसाठी मयासुराने सोन्याचे, रुप्याचे व लोखंडाचे अशी तीन पुरे रचली. त्या पुरांतील प्रासादांचे, उद्यानांचे आणि तेथील चांदण्या रात्रीचे वर्णन मत्स्यपुराणकारांनी हात राखून केलेले नाही. जोवर तेथे धर्माचरण होते तोवर देवांचेही त्यांच्यापुढे काही चालले नाही. धर्म सुटला, आणि महादेवांच्या एका बाणाने तिन्ही पुरे भस्म झाली.

तात्पर्य, अग्नी एकच. त्याने वैभव जाळले, आणि त्याच अग्नीची इवलीशी वात आपण देवापुढे लावतो. अलीकडे राजवाड्यांच्या व किल्ल्यांच्या प्रांगणांत रात्री दिव्यांचे खेळ पाहावयास सहकुटुंब जाण्याची प्रथा पडली आहे. ह्या प्रथेचे स्वागत करावे की तिच्याकडे पाठ फिरवावी, असा प्रश्न पुष्कळ भाविक घरांतून मला विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना मला आपल्याच जिल्ह्याच्या लेकीची, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांची, दोन गावे आठवतात. एक इंदूर आणि दुसरे महेश्वर.

राजवाड्यापुढील उद्यानात

कीर्तनसेवेच्या निमित्ताने इंदूरला जाण्याचे योग मला आले. तेथील मराठी मंडळींचा पाहुणचार घ्यावा, सकाळी खजराण्याच्या गणपतीचे दर्शन घ्यावे आणि संध्याकाळी राजवाड्यापुढील बागेत बसावे, असा परिपाठ असे. हा वाडा मल्हारराव होळकरांच्या वेळचा. सात मजली भव्य प्रवेशद्वार, खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी. आत होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड विराजमान आहे. समोरच्या बागेत अहिल्यादेवींचा पुतळा आहे. दिवस मावळला की वाड्याच्या दर्शनी भागावर प्रकाश पडतो, आणि दिवसा काळवंडलेली वाटणारी ती सज्जे-गवाक्षांची रांग एखाद्या नववधूसारखी उजळते.

प्रकाश-ध्वनीचा प्रयोगही मी तेथे पाहिला. अंधारात एक धीरगंभीर आवाज होळकरांचा इतिहास सांगू लागतो. जेथील गोष्ट चालू असेल तेथे प्रकाश जातो, उरलेला वाडा काळोखात राहतो. लहान मुले आईच्या मांडीवर बसून तोंडाचा आ करून पाहत होती. ज्यांनी इतिहासाचे पुस्तक कधी उघडले नसेल अशी खेड्यांतील माणसेही त्या रात्री मल्हाररावांचे नाव घेऊन घरी गेली. हे काम लहान नव्हे. कीर्तनकार तरी उत्तररंगात दुसरे काय करतो? तोही श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे आख्यान उभेच करतो. पूर्वी दिवट्यांच्या उजेडात केले, मागाहून गॅसबत्तीच्या उजेडात केले, आज विजेच्या उजेडात करतो. त्यामुळे विजेचा दिवा अपवित्र आणि तेलाचा तेवढा पवित्र, असा भेद करण्यास माझे मन धजत नाही.

परंतु नारदीय कीर्तनात उत्तररंगाआधी पूर्वरंग असतो. नमन असते, मूळ अभंग असतो, त्यावरचे निरूपण असते. आख्यान हे त्या निरूपणाचे उदाहरण म्हणून येते. पूर्वरंग गाळून नुसते आख्यान सांगितले तर श्रोत्यांची करमणूक होईल, परंतु ‘हे मला कशासाठी सांगितले?’ हा प्रश्न अनुत्तरित राहील. राजवाड्याच्या रोषणाईत मला नेमकी हीच उणीव जाणवली. ती पूर्वरंगावाचूनचा उत्तररंग आहे. डोळे तृप्त होतात, हात मात्र मोकळेच राहतात. प्रेक्षकाने करावयाचे असे तेथे काहीही नसते.

ह्या वाड्याने अग्नीचे दुसरे रूपही पाहिले आहे. १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले तेव्हा तो जळाला. पुढे १८३४ मध्ये त्याच्या वरच्या मजल्याची आगीने हानी झाली. १९८४ मध्ये तिसऱ्यांदा आग लागली आणि मागील भागाची राख झाली. तो भाग नंतर जुन्या घडणीला धरून पुन्हा उभारण्यात आला. तीन वेळा जळून पुन्हा उभ्या राहिलेल्या वास्तूवर रंगीत प्रकाश खेळताना पाहिला की वैभवाच्या नश्वरतेचा वेगळा दृष्टान्त द्यावा लागत नाही.

नर्मदातीरीचे अकरा दीप

इंदूरहून सुमारे ९० किलोमीटरवर नर्मदेच्या उत्तर तीरावर महेश्वर आहे. अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी आपल्या जामखेड तालुक्यातील चौंडी गावी, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, १७६७ मध्ये पुत्र मालेरावही गेला. तीन चितांचा दाह सोसून ही माउली राज्यकारभारास बसली, आणि राजधानी म्हणून तिने महेश्वर निवडले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत तिने तेथूनच राज्य केले.

महेश्वरचा वाडा पाहून प्रथम माणूस गोंधळतो. हिंदुस्थानभर घाट, धर्मशाळा आणि देवालये बांधणाऱ्या राणीचा हा वाडा? लाकडी खांबांची ओसरी, साधी बैठक, तिच्याजवळच देवघर. इंदूरच्या वाड्याप्रमाणे मान वर करून पाहावे असे येथे काही नाही. १७८० मध्ये काशी विश्वेश्वराचे मंदिर, १७८३ मध्ये सोमनाथाचे मंदिर, आपल्या कर्जत तालुक्यातील सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाचे मंदिर, अशी कामे जिने केली, तिने स्वतःच्या निवासाचे वैभव मात्र वाढविले नाही. खासगीच्या धनावर तुळशीपत्र ठेवून तिने ते धर्मकार्यास अर्पण केले, असे परंपरा सांगते. तिचे हुकूम ‘श्रीशंकर’ ह्या नावाने निघत. राज्य शंकराचे, आपण केवळ सांभाळणारे, हा भाव त्यामागे होता.

वाड्यापासून काही पावलांवर राजराजेश्वराचे मंदिर आहे. सहस्रार्जुनाच्या नावाशी ते निगडित आहे, कारण महेश्वर हीच प्राचीन माहिष्मती असे मानले जाते. ह्या मंदिरात अकरा नंदादीप अखंड तेवत असतात. गाभाऱ्याच्या काळोखात ते अकरा ठिपके मी पाहिले तेव्हा प्रथमदर्शनी काहीच घडले नाही. ना रंग, ना आवाज, ना गोष्ट. पण थोडा वेळ बसल्यावर त्या दिव्यांमागची माणसे दिसू लागली. कोणी भाविक आपल्या घरून तुपाचा डबा घेऊन येतो. पुजारी वात सारखी करतो. रात्री कोणीतरी जागे राहतेच, एरवी अखंड दीप अखंड राहील कसा? राजे गेले, संस्थान भारतात विलीन झाले, तरी त्या वातींना तूप मिळत राहिले.

येथे दिव्याच्या शास्त्रीय दृष्टान्ताची आठवण होते. सांख्यकारिकेत सत्त्व, रज आणि तम हे परस्परविरोधी गुण एकत्र येऊन कार्य कसे करतात, हे सांगताना दिव्याचेच उदाहरण दिले आहे. तेल आणि अग्नी ह्यांचा स्वभाव भिन्न, वात त्या दोहोंहून भिन्न, तरी तिघे मिळून प्रकाश देतात. मला वाटते, गावाचेही असेच आहे. धनिक, श्रमिक, पुजारी, पाटील, सासू आणि सून ह्यांचे स्वभाव वेगवेगळे असतात. देवळातील एक दिवा अखंड ठेवावयाचा म्हटला की त्यांना एकत्र यावेच लागते. विजेचा दिवा कळ दाबताच लागतो, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु त्याच गुणामुळे तो कोणाला एकत्र आणीत नाही.

नर्मदेचा आणि त्रिपुराचाही संबंध आहे. मत्स्यपुराणातील नर्मदामाहात्म्यात बाणासुराच्या जळत्या त्रिपुराचा एक भाग अमरकंटकावर पडला आणि तेथे ज्वालेश्वर झाला, अशी कथा आहे. ज्या आगीने नगरी संपली, तिचेच तीर्थ झाले. महेश्वरच्या घाटावर संध्याकाळी पाण्यावर तरंगणारे दिवे पाहताना ही कथा केवळ पुराणातली वाटत नाही.

आपल्या दीपमाळांचे काय?

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. होळकरांचे दिवाण चंद्रचूड ह्यांनी बांधविलेले नेवाशाचे मोहिनीराजाचे मंदिर असो की गावोगावची खंडोबा-महादेवाची देवळे असोत, मराठेशाहीतील धार्मिक वास्तुशिल्पात दीपमाळेला मानाचे स्थान आहे. दगडी स्तंभास चोहोबाजूंनी हात, प्रत्येक हातावर पणती. पौर्णिमेच्या रात्री तरणी मुले कमरेला उपरणे बांधून वर चढत, खालून तेलाची भांडी हातोहात वर जात आणि आयाबाया घरून पळी-पळी तेल आणून पुजाऱ्याच्या कासंडीत ओतीत. कोणाच्या घरचे तेल कोणत्या पणतीत गेले हे कोणालाच ठाऊक नसे. त्यातच त्या दीपोत्सवाचे पुण्य होते.

अलीकडे पुष्कळ दीपमाळांना विजेच्या रंगीत माळा गुंडाळलेल्या दिसतात. दिवे लुकलुकतात, गावकरी दुरून पाहतात आणि घरी जातात. ह्याच्या समर्थनार्थ जी कारणे सांगितली जातात ती उडवून लावण्याजोगी नाहीत. तेल महाग आहे, काजळीने शिल्प काळवंडते, गर्दीत लहान मुलांच्या कपड्यांना ज्योत लागण्याचे भय असते. ह्यांपैकी काजळीचा आक्षेप गाभारा व कोरीव सभामंडप ह्यांना लागू आहे, आणि तेथे तेलाचे दिवे मर्यादेत ठेवावे हे योग्यच. परंतु दीपमाळ आपल्या पूर्वजांनी देवळाबाहेर, मोकळ्या अंगणात उभी केली, कारण ती पाजळण्यासाठीच घडविली होती. भय कमी करण्यासाठी भोवती दोरी बांधावी, पाण्याच्या बादल्या आणि वाळू जवळ ठेवावी, वर चढणाऱ्यांनी सुती कपडेच घालावे. तेलाविषयी म्हणाल तर घरटी एक पळी तेल कोणत्याही गावाला जड नाही.

ह्या विषयाची निकड आज विशेष आहे. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यास अहिल्यादेवींचे नाव मिळाले. त्यांच्या त्रिशताब्दी जयंतीच्या निमित्ताने ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीस झाली आणि तेथील स्मृतिस्थळाच्या विकासासाठी सुमारे ६८१ कोटी रुपयांचा आराखडा मान्य झाला. एवढ्या मोठ्या कामात आज ना उद्या चौंडीसही रात्रीच्या प्रकाश-ध्वनी प्रयोगाची मागणी होईल. ती झाली तर मी तिला विरोध करणार नाही. आपल्या लेकीची गोष्ट मुलांनी डोळ्यांनी पाहावी, हे कोणाला आवडणार नाही? माझे मागणे एवढेच की त्या उत्तररंगाला पूर्वरंग असावा. चौंडीच्या महादेवापुढे एक नंदादीप असा असावा की ज्याचे तेल जिल्ह्यातील प्रत्येक गावाने आपल्या पाळीने आणावे. आज जामखेडच्या एका गावाने, उद्या अकोल्याच्या, परवा राहात्याच्या. प्रयोग पाहण्यास आलेल्या माणसाने आधी त्या दिव्यात पळीभर तेल घालावे आणि मग बागेत जाऊन बसावे. म्हणजे तो नुसता प्रेक्षक राहणार नाही.

देहलीवरचा दिवा

आपल्या शास्त्रकारांनी ‘देहलीदीपन्याय’ सांगितला आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही. एका शब्दाचा अन्वय मागील व पुढील अशा दोन्ही वाक्यांशी लागतो तेव्हा हा न्याय सांगतात. मला अहिल्यादेवींचे सबंध जीवन ह्या न्यायाचे उदाहरण वाटते. त्यांच्या एका बाजूस राज्य होते, दुसऱ्या बाजूस देवघर. त्या स्वतः उंबरठ्यावर उभ्या राहिल्या, म्हणून दोन्हीकडे प्रकाश पडला. राज्याकडे पाठ फिरवून त्या जपमाळ ओढीत बसल्या नाहीत, आणि राज्यासाठी त्यांनी देवघराचे दार लावले नाही.

राजवाड्याच्या रोषणाईविषयी गृहस्थाश्रमी भाविकाने काय करावे, ह्याचे उत्तर ह्यातच आहे. बागेत अवश्य जावे, मुलाबाळांना न्यावे, इतिहास ऐकावा. परंतु निघण्यापूर्वी घरच्या देवापुढे सांजवात लावून निघावे, आणि परतल्यावर मुलांना विचारावे, ‘आज पाहिलेल्या दिव्यांपैकी कोणता दिवा आपण लावला?’ ह्या प्रश्नाला मुलांजवळ उत्तर असले की त्या घराचा उंबरठा उजळलाच.

ह्या त्रिपुरी पौर्णिमेस ज्यांच्या गावी दीपमाळ आहे त्यांनी घरून पळीभर तेल घेऊन जावे. जेथे नाही, तेथे तुळशीवृंदावनाशी आणि उंबरठ्यावर एक-एक पणती लावावी. त्रिपुरारी महादेव आपणां सर्वांच्या घरातील त्रिविध ताप शमवोत आणि नर्मदातीरीच्या त्या अकरा दीपांप्रमाणे आपल्या कुळातील धर्मदीप अखंड तेवत ठेवोत, हीच त्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥