‘सर्व्हर डाउन’ म्हणजे नक्की काय?

जुलैअखेरीला पीकविम्याची मुदत संपत आली की बीड जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सर्व्हर डाउन आहे.’ ऐकणाऱ्याला वाटतं, कुठलं तरी यंत्र बंद पडलं. संकेतस्थळं बनवण्याचंच काम करतो म्हणून सांगतो, पुष्कळदा यंत्र चालूच असतं.

सर्व्हर म्हणजे मागेल त्याला माहिती पुरवणारा, अहोरात्र चालू ठेवलेला संगणक. हंगामातला साखर कारखाना आठवा. गव्हाण सुरू असते, तरी वजनकाट्यापुढे उसाच्या गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत जाते. संकेतस्थळाचा काटा म्हणजे बहुधा डेटाबेस (नोंदींचं कोठार). मायएसक्यूएल या प्रचलित डेटाबेसमध्ये एका वेळच्या जोडण्यांची मूळ मर्यादा 151 असते. ती वाढवता येते. पण गर्दी होण्याआधी कुणाला तरी ते सुचावं लागतं! रांग हाताबाहेर गेली की पडद्यावर अनेकदा 503 हा आकडा उमटतो. ‘आत्ता जमत नाही, थोड्या वेळानं या’ एवढाच त्याचा अर्थ. 404 चं प्रकरण वेगळं: सर्व्हर ठणठणीत असतो, मागितलेलं पान तेवढं तिथं नसतं.

अशा वेळी पुन्हा पुन्हा रिफ्रेश दाबू नका. दर वेळी रांगेत आणखी एक गाडी उभी राहते. आणि जमलं तर शेवटच्या दिवसाची वाट न पाहता आठवडाभर आधीच अर्ज भरून टाका.