वंगण नेमकं करतं काय? टॉवरच्या बुचाची गोष्ट

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजाराला बैलगाडी निघायची, तेव्हा आधी आखाला वंगण घातलं जायचं. वंगण आटलं की चाक कुरकुरतं, बैलांना ओढ जड जाते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण वंगण नेमकं करतं काय, याचं गणिती उत्तर मिळालं 1886 मध्ये.

कोरड्या घर्षणाचे नियम त्याच्या आधीपासून ठाऊक होते. लिओनार्दो दा विंचीने ते वह्यांत टिपले, पण छापले नाहीत. म्हणून 1699 मध्ये आमाँतोंने ते नव्याने मांडले: भार दुप्पट तर घर्षण दुप्पट, आणि स्पर्शाच्या क्षेत्रफळाने फरक पडत नाही. 1785 मध्ये कुलोंचे सविस्तर प्रयोग प्रसिद्ध झाले. पण मध्ये तेलाचा पुरेसा थर आला की हे नियम लागू पडत नाहीत.

1883 मध्ये इंग्लंडात बीचम टॉवर रेल्वेच्या आखांसारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तिथूनच तेल वर यायला लागलं. त्याने बूच ठोकलं, तेही बाहेर ढकललं गेलं. मग त्याने तिथे दाबमापक बसवला. सरासरी भार दर चौरस इंचाला 100 पौंड, आणि काटा 200 च्याही पुढे!

ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1886 मध्ये याचं कारण सांगितलं. फिरणारा आख चिकट तेलाला निमुळत्या फटीत ओढत नेतो. तिथे तेल दाटतं, दाब वाढतो आणि तो दाबच भार उचलून धरतो. म्हणजे धातू धातूला टेकतच नाही. यासाठी वेग आणि तेलाचा दाटपणा दोन्ही लागतात. बैलगाडीचं चाक सावकाश फिरतं, तिथे पातळ तेल टिकत नाही, म्हणून वंगण दाट असतं. वेग, दाटपणा आणि भार यांचं घर्षणाशी असलेलं नातं 1902 मध्ये स्ट्रिबेकने मोजून दाखवलं. पेपर शोधायचे असतील तर या शास्त्राचं नाव लक्षात ठेवा: ट्रायबॉलॉजी. हे नाव 1966 पासून रूढ झालं.

संशोधनाला लागणाऱ्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. टॉवर घर्षण मोजायला बसला होता, दाब नव्हे. बूच आणखी घट्ट ठोकून तो पुढे जाऊ शकला असता. त्याने तिथे मापक लावला, आकडा छापला, आणि रेनॉल्ड्सला सिद्धांत पडताळायला आधार मिळाला. तुमच्या प्रयोगात नको तिथून तेल आलं, तर ते पुसण्याआधी मोजा.