चालवून घेण्याचं समाजशास्त्र



आपल्यात इंजिनीअर पुष्कळ, म्हणून आजचा विषय. सिस्टिम्स इंजिनीअरिंग म्हटलं की आकृत्या, इंटरफेस, टेस्टिंग आठवतं. पण मोठी यंत्रणा कोलमडते तेव्हा बरेचदा माणसांमधला दुवा आधीच निखळलेला असतो. हे फार नीट दाखवून दिलं डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. सातही अंतराळवीर गेले. बूस्टरच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीनं ताठरली होती. तेव्हा सगळ्यांना वाटलं, वरिष्ठांनी नियम धाब्यावर बसवले. वॉनबाईंनी ढीगभर कागदपत्रं चाळून १९९६ साली पुस्तक लिहिलं, त्यात वेगळंच निघालं. नियम बहुतेक पाळलेच होते! ओ-रिंग झिजते हे १९८१ पासून दिसत होतं. पण यान दर वेळी सुखरूप परतलं, आणि दर वेळी 'एवढं चालतं' ही मर्यादा थोडी पुढे सरकली. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: चालवून घेणं. एकट्यानं केलं तर तो हलगर्जीपणा. सगळ्यांनी मिळून, रीतसर सह्या करून केलं की तीच पद्धत होते.

आदल्या रात्री युटा, अलाबामा आणि फ्लॉरिडा अशी फोनवर बैठक झाली. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलचे इंजिनीअर म्हणाले, ५३ अंश फॅरनहाइटखाली उडवू नका. नासाची मंडळी नाराज झाली. कंपनीच्या वरिष्ठांनी आपसात बोलायला वेळ मागितला आणि निर्णय फिरवला. एरवी 'सुरक्षित आहे हे दाखवा' असं म्हणायचे. त्या रात्री 'असुरक्षित आहे हे दाखवा' असं झालं. शेवटी कुणाचा आक्षेप आहे का, असं विचारलंही गेलं. फोनवर शांतता. पलीकडच्यांना चेहरे कुठे दिसत होते?

१७ वर्षांनी पुन्हा तेच. कोलंबियाच्या डाव्या पंखावर फोमचा तुकडा आदळला. फोम पडणं तोवर नेहमीचं झालं होतं. इंजिनीअरांनी पंखाचे फोटो मागितले, ती मागणी वर पोचता पोचता विरली. धोका सिद्ध करायला फोटो हवेत, आणि फोटो मिळायला आधी धोका सिद्ध करा! १ फेब्रुवारी २००३ ला कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी परतलेच नाहीत. चौकशी मंडळानं वॉनबाईंनाही बोलावलं, आणि त्यांच्या अहवालात फोमइतकाच दोष संस्थेच्या संस्कृतीला दिला.

आता आपलं बघा. टीम पुणे, दुबई, न्यू जर्सी अशी विखुरलेली. त्यात मोठ्यांपुढे उलट बोलू नये हे लहानपणापासूनचं वळण. कॉलवर 'एनी कन्सर्न्स?' आलं की आपण म्यूटवर! म्हणून मीटिंग चालवणाऱ्यानं तीन गोष्टी कराव्यात.

१. 'आक्षेप आहे का?' ऐवजी 'हे कुठे फसेल?' असं एकेकाला नाव घेऊन विचारावं, तेही सगळ्यांत ज्युनिअरपासून.
२. चालवून घेतलेल्या त्रुटींची तारखांसकट यादी ठेवावी, म्हणजे मर्यादा किती सरकली ते दिसतं.
३. शंका काढणाऱ्यावरच पुराव्याचं ओझं टाकू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण तेव्हा डेडलाइन डोक्यावर असते. पण नेमकी तेव्हाच तिची गरज असते.

तुमच्या ऑफिसात पहिली शंका कोण काढतं, आणि मग त्याचं पुढे काय होतं? जरूर लिहा.