फास्ट ट्रॅक, व्हाया कॅल्शियम!

मुंबईत चिंचपोकळीला फास्ट गाडी थांबत नाही. प्लॅटफॉर्मवरच्यांची टोपी उडवत धडधडत निघून जाते. शुक्राणू मात्र निघतो स्लो आणि ऐनवेळी होतो फास्ट. हा ट्रॅक कोण बदलतं, माहीत आहे का? कॅल्शियम! हो हो, तेच, दुधातलं.

शुक्राणूच्या शेपटीत कॅल्शियम आत घेणारी दारं असतात. नाव ‘कॅटस्पर’. आणि ही ‘कॅट’ २००१मध्ये पहिल्यांदा सापडली कुठे? उंदरात!

ही दारं शेपटीवर चक्क चार रांगांत उभी असतात. चिंचपोकळीच्या चिंतामणी गणपतीच्या आगमनाला अशी शिस्त कुणाला दिसली, तर कळवा!

माणसात दाराची किल्ली म्हणजे प्रोजेस्टेरॉन. बीजांडाभोवतीच्या पेशी ते सोडतात. दार उघडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि इतका वेळ लयीत वळवळणारी शेपूट चाबकासारखी फटके मारू लागते. बीजांडाचं कवच भेदायला हाच जोर लागतो. कॅटस्पर नसलेल्या उंदरांचे शुक्राणू पोहतात, पण पिल्लं? शून्य!

आता चिंचपोकळीहून दोन स्टेशनं पुढे, परळ. ६ ऑगस्ट १९८६, केईएम हॉस्पिटल. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. ‘देशातली पहिली!’ म्हणून गाजली. पुढे आनंद कुमारांनीच जुने कागद वाचले आणि सांगून टाकलं, पहिला मान कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांचा, १९७८चा. स्वतःचा रेकॉर्ड स्वतःच खोडणारा माणूस! सलाम.

बाय द वे, ‘टेस्ट ट्यूब’ नुसती नावाला; काम चालतं बशीत. सुईने शुक्राणू थेट बीजांडात सोडायचं तंत्र नव्वदच्या दशकातलं. त्याआधी बशीतही त्याला स्वतःच धडक मारावी लागायची. म्हणजे परळच्या त्या बशीत कॅटस्परने ड्यूटी केली, तेव्हा बिचाऱ्याचं बारसंही झालं नव्हतं!

गंमत म्हणजे, कोंबड्याकडे कॅटस्पर नाहीच. पक्ष्यांनी उत्क्रांतीत तो कधीच गमावला. पिल्लं तरी निघतातच.

आणि शुक्राणूच्या लांबीचा रेकॉर्ड? माणसाचा शुक्राणू मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढा. ड्रोसोफिला बायफर्का या चिमुकल्या फळमाशीचा ५.८ सेंटिमीटर, तोही बिनाकॅटस्पर! नर स्वतः काही मिलिमीटरचा, त्यामुळे माल गुंडाळी करूनच न्यावा लागतो.