नाणे चुकलेले की केवळ झिजलेले?

भाजीवाल्याने किंवा बसच्या वाहकाने परत केलेल्या सुट्या पैशांवर आपली नजर क्वचितच रेंगाळते. नाणेसंग्राहक मात्र हीच चिल्लर भिंगाखाली धरतात. टांकसाळीतील तपासणीतून निसटलेले सदोष नाणे त्यांच्या लेखी दर्शनी किमतीहून अधिक मोलाचे असते. अर्थात, खरा दोष कोणता आणि वापरातून आलेली विकृती कोणती, हे ओळखता आले पाहिजे.

त्यासाठी नाणे कसे तयार होते, हे जाणून घेणे उपयुक्त ठरते. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. मग पोलादी कड्यात बसवलेल्या चकतीवर वरून व खालून ठसे दाबले जातात. यातील प्रत्येक टप्प्यावर चूक संभवते.

चकती कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर नाण्याच्या कडेला चंद्रकोरीसारखी खाच राहते. अशा अस्सल खाचेच्या बरोबर समोरची कड बहुधा अस्पष्ट उमटते. कानशीने घासलेल्या नाण्यात हे लक्षण आढळत नाही. चकती ठशाखाली नीट बसली नाही, तर छाप एका बाजूला सरकते व उरलेला भाग कोरा राहतो. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीच्या एका बाजूस नेहमीची छाप आणि दुसऱ्या बाजूस तिचेच खोलगट, उलटे प्रतिबिंब उमटते. संग्राहक अशा नाण्याला ‘लखी’ म्हणतात. दहा रुपयांच्या नाण्यात बाहेरचे पिवळे कडे व आतला पांढरा भाग एकमेकांत नीट न बसण्याचा दोषही आढळतो.

एक चाचणी घरीच करता येते. सिंहमुद्रा सरळ धरून नाणे पुस्तकाच्या पानाप्रमाणे उलटावे. दुसरी बाजूही सरळ दिसली पाहिजे. ती किंचित तिरपी असल्यास फारसे मोल नसते. पूर्ण उलटी असल्यास संग्राहक रस घेतात.

प्रत्येक वेगळेपण म्हणजे दोष नव्हे. वर्षाखालील चौकट मुंबई टांकसाळीची, तारा हैदराबादची आणि ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते. दहा रुपयांची १४ प्रकारची नाणी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते. रुळावर चपटे झालेले, आम्लाने काळवंडलेले किंवा हातोडीने ठोकलेले नाणे हे केवळ खराब नाणे होय.

वैष्णोदेवीच्या २०१२ च्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, ही निव्वळ अफवा आहे. तिच्याच आधारे फसवणूक करणारे ‘खरेदीदार’ आधी शुल्क, कर किंवा कमिशन मागतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाचा व बोधचिन्हाचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. आपण अशा व्यवहारात नाही व कोणालाही शुल्क आकारण्याचा अधिकार दिलेला नाही, असे तिने बजावले होते.

संशयास्पद नाणे हाती आले, तर ते चिंचेने वा पावडरीने घासू नये. चकाकी आणण्याच्या नादात मोल घटते. कागदी पाकिटात जपून ते जाणत्या संग्राहकाला प्रत्यक्ष दाखवावे. विकण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवावे.