आधी कुणाला सांगायचं?
(मन आणि माणसं : भाग ५)

मागच्या भागात इंडोनेशियाचा आकडा पाहिला. तिथल्या २०१८च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या सुमारे सहा टक्के लोकांना नैराश्य असल्याचं दिसलं, आणि त्यांतले उपचार घेणारे होते जेमतेम नऊ टक्के. आपण नाकं मुरडण्याचं कारण नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या मानसिक आजारांचे ८५ टक्के रुग्ण उपचारांविना होते. त्या बारा राज्यांत ना महाराष्ट्र होता, ना दिल्ली. म्हणून आपण सुटलो, असं मात्र समजू नका.

दवाखाना लांब, डॉक्टर नाहीत, पैसा नाही, ही कारणं खेड्यापाड्यांत खरीच आहेत. दिल्लीच्या सरोजिनी नगरात, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत, ती चालत नाहीत. एम्स आणि सफदरजंग, दोन्ही अवाढव्य रुग्णालयं रिक्षाच्या अंतरावर, दोन्हीकडे मनोविकार विभाग. केंद्र सरकारी नोकरीतल्या मराठी कुटुंबांच्या खिशात केंद्र सरकारी आरोग्य योजनेचं (सीजीएचएस) कार्ड असतंच; ही योजना १९५४मध्ये दिल्लीतच सुरू झाली. तरीही तिथल्या बाबू मार्केटात भाजी घेताना दोन काकूंचं जे बोलणं कानावर पडलं, ते असं :

“रात्री दोनला जाग येते ती येतेच गं. उगीच रडू येतं. डॉक्टर बीपीची गोळी वाढवून देतात.”

“रडू येतं ते सांगितलंस त्यांना?”

“छे! तिथं मागं रांगेत सगळी आपलीच बिल्डिंग.”

“निदान सुनेला तरी?”

“तिला कशाला? उद्या तिच्या माहेरी पोचेल.”

आजार कळत नाही, अशी तक्रार इथं करता येईल का? काकूंना आपलं दुखणं चांगलं कळतं. बोललेलं कुठं कुठं जाईल, याचाही हिशेब त्यांच्यापाशी तयार आहे.

फिशर आणि टर्नर या अमेरिकी संशोधकांनी १९७०मध्ये मानसिक मदतीकडे पाहण्याची वृत्ती मोजायला २९ विधानांची प्रश्नावली केली. तिची छोटी आवृत्ती आजही जगभर वापरली जाते. मूळ प्रश्नावलीत चार बाजू तपासल्या होत्या : मदतीची गरज ओळखणं, लोकनिंदा सोसण्याची तयारी, मन मोकळं करण्याची सवय आणि उपचार करणाऱ्यावरचा भरवसा. आपल्याकडच्या जनजागृतीचा सगळा भर पहिल्या बाजूवर. पोस्टर, सप्ताह, रॅली. उरलेल्या तीन बाजूंचा संबंध माणसामाणसांतल्या विश्वासाशी आहे, आणि तो पोस्टर लावून येत नाही.

मग तो येतो कसा? रेम्पेल, होम्स आणि झन्ना यांनी १९८५मध्ये जवळच्या नात्यातल्या विश्वासाचे तीन पदर सांगितले. आधी माणसाच्या वागण्याचा अंदाज येतो, मग अडचणीत तो टिकेल असं वाटू लागतं, आणि शेवटी पुरावा नसतानाही त्याच्यावर श्रद्धा बसते. काकू आणि सून पहिल्याच पदराशी अडल्या आहेत. सुनेनं पूर्वी एखादी साधी गोष्ट पोटात ठेवली असती, तर ही मोठी गोष्ट तिच्यापर्यंत पोचली असती.

सरकारी वसाहतीत याला आणखी एक पीळ असतो. शेजारी आणि ऑफिस वेगळे राहत नाहीत. “सीआर खराब होईल” ही धास्ती त्या गोपनीय अहवालाचं नाव बदलून एपीएआर झालं तरी गेलेली नाही. त्यात बदल्या. त्यात २०१६मध्ये सरोजिनी नगरसह सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी मिळाली, जुनी क्वार्टर्स पाडली गेली आणि वर्षानुवर्षांचे शेजार पांगले. नव्या टॉवरला लिफ्ट आहे. शेजार मात्र पुन्हा पहिल्या पदरापासून जमवायचा.

उपाय आपल्याच मुलखात करून पाहिलेला आहे. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रानं नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रम राबवला. गावातल्याच विश्वासातल्या बाया-माणसांना शिकवलं : त्रासलेलं माणूस कसं ओळखायचं, ऐकायचं कसं आणि गरज पडली तर डॉक्टरकडे कसं न्यायचं. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेनं हेच जास्त काटेकोरपणे तपासलं. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. तीन महिन्यांनी त्या रुग्णांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हा निष्कर्ष २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. माझ्या मते सीजीएचएसच्या प्रत्येक दवाखान्यात असा एक माणूस बसवायला हवा, आणि त्याची खोली रांगेपासून दूर हवी.

तोवर दोन गोष्टी ठाऊक असू द्या. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. मोजके अपवाद सोडले तर डॉक्टरांना रुग्णाची माहिती कुणाला सांगता येत नाही, तुमच्या साहेबांनाही नाही. आणि १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतसुद्धा. शेजारी कुणाच्याही नकळत.

आणि कुणी तुमच्यापाशी मन मोकळं केलंच, तर ते तिसऱ्या माणसाला सांगू नका. “सकाळी मी येतो सोबत” म्हणा, आणि ओपीडीच्या रांगेत खरोखर जाऊन उभे राहा.