मोबाईलवरून तांदूळ विकताय? हजारो मेसेज सोडण्याआधी हे समजून घ्या

आसगाव (चौ.), ता. पवनी : धान निघाला की चौरास भागातल्या शेतकऱ्यापुढे बहुतेक वेळा दोनच रस्ते असतात. आधारभूत खरेदी केंद्रावर नंबर लावून चुकाऱ्याची वाट पाहायची, नाहीतर व्यापारी देईल तो भाव घ्यायचा. तिसराही रस्ता आहे. धान भरडून तांदूळ थेट नागपूर-पुण्याच्या गिऱ्हाइकाला मोबाईलवरून विकायचा. हा धंदा सुरू करणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो, की सॉफ्टवेअर घे, एका बटनावर हजारो लोकांना मेसेज जातो. मेसेज जातो हे खरं, पण त्यातून तांदूळ विकला जाईलच असं नाही आणि नंबर बंद पडायची भीती वेगळी.

आधी भावाचा हिशेब

2025-26 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे 67 किलो तांदूळ धरतात. म्हणजे नुसत्या धानाचीच किंमत किलोमागे 35 रुपयांच्या वर जाते. त्यावर भरडाई, कनकीची घट, पिशवी आणि कुरिअर. चिन्नोरसारख्या सुगंधी धानाचं उत्पादन कमी येतं, त्यामुळे त्याचा भाव आणखी वर ठेवावा लागतो. एवढा भाव देणारं गिऱ्हाईक अनोळखी नंबरच्या एका मेसेजवर तयार होत नाही. त्याला आधी तांदळाची खात्री पटावी लागते.

फुकटात काय मिळतं?

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप भारतात 2018 पासून आहे. त्यात मालाचा कॅटलॉग लावता येतो. शेतात असताना गिऱ्हाइकाचा मेसेज आला तर आपोआप उत्तर जातं. 'भाव काय, कुरिअर कधी' अशा नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवता येतात. कोणी एकदा घेतलं, कोणी दोनदा, अशी खूणही लावता येते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. सुरुवातीला एवढं पुरे. यापेक्षा मोठं काम असेल तर कंपनीची पैसे देऊन घ्यायची अधिकृत सेवा आहे. तीही गिऱ्हाइकाची परवानगी असल्याशिवाय वापरता येत नाही.

नंबर कसा बंद पडतो?

बाजारात नंबरांच्या तयार याद्या आणि स्वस्तातली चोरटी सॉफ्टवेअरं मिळतात. त्यावरून मेसेजचा मारा केला आणि लोकांनी ब्लॉक करायला सुरुवात केली, की व्हॉट्सॲप तो नंबर बंद करतं. सगळी जुनी गिऱ्हाइकं त्याच नंबरवर असतात. म्हणजे दुकानच बंद झालं म्हणा.

साधे एसएमएस आणि कॉल यांना ट्रायचे 2018 चे नियम लागू आहेत. जाहिरातीचे एसएमएस पाठवायचे तर आधी मोबाईल कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. घरच्या 10 अंकी नंबरवरून जाहिरातीचे कॉल करता येत नाहीत. फेब्रुवारी 2025 मध्ये नियम आणखी कडक झाले. 10 दिवसांत 5 तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्यांदा 15 दिवस त्या माणसाच्या नंबरांवरून बाहेर जाणारी सेवा बंद, पुन्हा तेच केलं तर वर्षभरासाठी सगळे नंबर बंद.

यादी कशी करायची?

यादी विकत घेऊ नका, एकेक नाव जोडत न्या. गावातून शहरात नोकरीला गेलेले, पाहुणे, प्रदर्शनात तांदूळ नेलेले लोक, यांच्यापासून सुरुवात करा. 'पुढच्या वर्षी नवा तांदूळ आला की कळवू का?' असं विचारा आणि हो म्हटलं तरच नाव लिहा. कोणी 'मेसेज नको' म्हटलं तर त्याच दिवशी नाव काढा. पिशवीवर 14 अंकी एफएसएसएआय नंबर, धानाची जात आणि भरडल्याची तारीख टाका.

समजा, 200 जणांना मेसेज गेला, 30 जणांनी उत्तर दिलं आणि 12 जणांनी 5-5 किलो घेतला. तर 60 किलो खपला, म्हणजे जवळपास एका क्विंटल धानाचा तांदूळ. पण त्या 12 पैकी किती जणांनी परत मागवला, हा आकडा जास्त महत्त्वाचा. परत कोणी मागवत नसेल तर मेसेज वाढवून उपयोग नाही. तांदळात खडा आहे का, कनकी जास्त आहे का, कुरिअरला उशीर होतो का, ते पाहावं लागेल.

एकट्याने नको, बसून बोला

हे एकट्याला कळत नाही. तीन-चार गावांतल्या विकणाऱ्यांनी महिन्यातून एकदा बसावं. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगाव्यात : किती मेसेज गेले, किती जणांनी परत मागवलं, तक्रार काय आली. एकाची पिशवी रस्त्यात फाटली तर दुसऱ्याचं नुकसान वाचतं. कुरिअरचा भावही एकत्र ठरवता येतो.

विलास शिंदे यांनी 2004 मध्ये नाशिक जिल्ह्यात 10-12 शेतकऱ्यांना धरूनच द्राक्ष निर्यात सुरू केली. त्यातूनच पुढे मोहाडीची सह्याद्री फार्म्स उभी राहिली. शेतकरी उत्पादक कंपनी काढायलाही कायद्याने किमान 10 शेतकरीच लागतात. चौरासात प्रत्येक गावात एवढी माणसं आहेत.

नको असलेल्या जाहिरातीच्या एसएमएस-कॉलची तक्रार 1909 वर करता येते. तो नंबर तुमच्या गिऱ्हाइकालाही माहीत आहे, हे मेसेज पाठवताना लक्षात ठेवा.